चार दिवसांची हिरवळ

दिवाळीच्या आठ दिवस आधी आमच्या रिठदच्या शाळेच्या आवारात मुले मातीचा किल्ला करतात. खरे म्हणजे ही रीत आमच्या वऱ्हाडातली नव्हे, पुण्या-साताऱ्याकडची. पण मास्तरला हौस आणि मुलांना चिखलात हात घालायला निमित्त, म्हणून चालले आहे. दगड-विटा रचायच्या, वर जुने गोणपाट टाकायचे, त्यावर काळ्या मातीचा चिखल थापायचा आणि मूठभर मोहरी भुरभुरायची. चौथ्या दिवशी किल्ला हिरवागार! पाहणारा म्हणतो, वा मास्तर, काय हिरवळ आहे! त्या हिरवळीखाली फुटक्या विटा आहेत की गेल्या वर्षीचा केर आहे, हे कोणी विचारीत नाही. विचारण्याचे कारणही नाही, कारण त्या किल्ल्यावर कोणाला संसार मांडायचा नसतो.

पण संसार मांडायचा असेल तर? तो प्रश्न माझ्यापुढे गेल्या उन्हाळ्यात आला. माझा एक जुना विद्यार्थी मुंबईहून सुटीला घरी आला होता. पंधरा वर्षांपूर्वी दोन एकरांत भागेना म्हणून गेला, आणि धारावीत एका माळ्यावरच्या खोलीत बायको-मुलांसह राहतो. गाडी चालवतो. ओट्यावर बसला आणि इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर म्हणाला, "गुरुजी, आमाले तथी देवनारले घर देऊन राह्यले म्हन्ते. कचऱ्याची जागा हाय, पन झाडं-गिडं लावून जमीन साफ करनार हायेत. घेऊ का नाई, तुमी सांगा."

मी पडलो मॅट्रिक मास्तर. चार कादंबऱ्या लिहिल्या म्हणून गावात मान आहे. पण जमिनीच्या रसायनाचे मला काय कळणार? तरी त्याने विश्वासाने विचारले होते. मी म्हटले, थांब, वाचून सांगतो. त्यानंतर मिळेल ते वाचले, मुंबईला जाऊन दोन जागा डोळ्यांनी पाहून आलो, आणि आज जे लिहितो आहे ते त्याला द्यायचे उत्तरच आहे. वाचकांपैकी ज्यांची मुले-सुना, भाचे-पुतणे अशाच एखाद्या शहरात घर शोधीत आहेत, त्यांनीही वाचावे.

झाडे जमीन साफ करतात ही थाप नव्हे, हे आधीच सांगतो. न्यू कॅलेडोनिया नावाच्या बेटावर एक झाड आहे. त्याची साल खरडली की निळसर-हिरवा चीक गळतो. १९७६ साली शास्त्रज्ञांनी तो तपासला, तेव्हा वाळलेल्या चिकाचा जवळजवळ चौथा हिस्सा निकेल निघाला. झाड जमिनीतला धातू पिऊन बसले होते! २००१ साली अमेरिकेत फ्लोरिडामध्ये, लाकडाला कीड लागू नये म्हणून वापरण्याच्या औषधाने बिघडलेल्या एका जागेवर, नेच्याची एक जात सापडली. ती जमिनीतले आर्सेनिक, म्हणजे आपला सोमल, भराभर शोषून पानांत साठवते आणि स्वतः टवटवीत राहते. काही झाडे शोषीत नाहीत, पण विषाला मुळांशी धरून ठेवतात. ते वाऱ्याने उडत नाही, पावसाने विहिरीत झिरपत नाही. आपला वाळा त्या जातीचा. काहींच्या मुळांभोवती असे सूक्ष्म जीव पोसले जातात की ते तेला-डांबराचा अंश खाऊन टाकतात.

आणि हे सगळे परदेशातच घडते असेही नाही. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, जिला सगळे 'नीरी' म्हणतात, नागपूर जिल्ह्यातच गुमगावच्या मँगनीज खाणीच्या ढिगाऱ्यावर झाडे उभी करून दाखवली. जेथे गवताची काडी उगवत नव्हती तेथे त्यांनी साखर कारखान्यातला प्रेसमड मिसळला, मुळांशी नांदणारे जिवाणू आणि बुरशी दिली आणि मग रोपे लावली. खड्डा खणला, रोप खोचले, फोटो काढला, असे केले नाही. आधी मातीला माती केले. माझा राग झाडांवर नाही, त्यांच्या नावाचा शिक्का मारणाऱ्यांवर आहे.

आता थोडे गणित. मुलांना फळ्यावर घालतो तसेच घालतो. आकडे सोयीसाठी ठोकळ धरले आहेत. एक एकर जमीन घ्या. तिची वीतभर खोल माती म्हणजे सुमारे १,००० टन. त्यात टनाला एक किलो या प्रमाणात शिसे मुरले आहे असे धरा, म्हणजे एकरात १,००० किलो शिसे. आता मोहरी पेरा. पीक उत्तम आले, वाळवून ४ टन भरले. त्यातली मोहरी अशी तालेवार निघाली की तिच्या वाळलेल्या टनात एक किलो शिसे चढले. साधी मोहरी एवढे मुळीच घेत नाही, पण आपण उदार होऊ. एका पिकाला ४ किलो शिसे निघाले. निम्मे शिसे काढायला किती पिके लागतील? सव्वाशे! वर्षाला दोन पिके घेतली तरी बासष्ट वर्षे. तोवर माझ्या विद्यार्थ्याचा मुलगा आजोबा झालेला असेल. आणि हे वीतभर खोलीचे गणित झाले. त्याखाली बांबूभर खोल काय आहे, तेथे मोहरीचे मूळ पोहोचतच नाही.

हे गणित शास्त्रज्ञांना ठाऊक नव्हते असे नाही. म्हणून त्यांनी युक्ती केली. जमिनीत ईडीटीए नावाचे रसायन ओतले की मातीला चिकटलेले शिसे सुटते आणि रोप ते भराभर ओढते. सुटलेले सगळेच शिसे रोप ओढते का? नाही. उरलेले पाण्याबरोबर खाली जाते. म्हणजे अंगण झाडले आणि केर विहिरीत टाकला! सोमल ओढणारा नेचा आणि शिसे ओढणारी मोहरी यांत हा फरक आहे, आणि जो कोणी "झाडे जमीन साफ करतात" असे एका दमात सांगतो त्याला पहिला प्रश्न हा विचारावा, की बाबा रे, कोणते झाड आणि कोणते विष?

जपानचे पाहा. २०११ साली फुकुशिमाच्या अणुभट्टीचा अपघात झाला, तेव्हा लोकांनी शेतांत सूर्यफुले लावली. चेर्नोबिलजवळच्या तळ्यात सूर्यफुलांनी किरणोत्सारी द्रव्ये शोषली होती, हे त्यांनी ऐकले होते. फुले डोळ्यांना फार सुंदर दिसली असतील. त्याच वर्षी त्यांच्या शेतकी खात्याने मोजून पाहिले, तेव्हा जमिनीतल्या सीझियमचा दोन हजारांत एक भाग त्या झाडांनी उचललेला निघाला. खात्याने तसे उघड सांगितले, हे मला त्या फुलांपेक्षा सुंदर वाटले. आपल्याकडे असे मोजून, "नाही जमले" असे छापून सांगणारे खाते मला कोणी दाखवले, तर पुढल्या दिवाळी अंकात त्याच्यावर स्तुतिस्तोत्र लिहीन.

एक गोष्ट आणखी, आणि ती स्वयंपाकघरातल्या वाचकांसाठी. झाडाने विष ओढले म्हणजे विष नाहीसे झाले नव्हे. जमिनीतले पानात आले एवढेच. मग ते पान कापून, वाळवून, जपून नेऊन त्याचा बंदोबस्त करावा लागतो. मधे शेळी शिरली तर ते दुधात आले. मुंबईत रेल्वेच्या रुळांच्या कडेने पालक-माठाचे वाफे लोकांनी वर्षानुवर्षे पाहिले आहेत. गटाराच्या पाण्यावरची ती भाजी तपासली तेव्हा तिच्यात जड धातू सापडले. त्या पालकाने काही वेगळे केले नव्हते. ज्या गुणासाठी आपण झाडाची आरती ओवाळतो, तोच गुण त्याने दाखवला होता. म्हणून साफसफाईच्या जमिनीला कुंपण लागते, राखणदार लागतो आणि कापलेल्या पिकाचा हिशेब लागतो. फलकावर नुसती हिरवी पाने रंगवून भागत नाही.

मुंबईत मी पाहिलेली पहिली जागा धारावीला अगदी लागून आहे, मिठी नदीच्या काठी. महाराष्ट्र निसर्ग उद्यान. सदतीस एकरांचे रान. आत गेलो तर ऊन लागेना. शेजारून मोटारींचा आवाज, आणि डोक्यावर पाखरे. हीच जागा एके काळी शहराचा उकिरडा होती. १९७७ च्या सुमारास कचरा टाकणे बंद झाले, पुढच्या दशकात झाडे लागली, १९९१ साली तिला संरक्षित वन म्हटले गेले आणि १९९४ साली ती लोकांना खुली झाली. म्हणजे उकिरड्याचे उद्यान व्हायला सतरा वर्षे लागली, आणि आज ती झाडे डेरेदार दिसतात याचे कारण पुढची तीसेक वर्षेही त्यांना कोणी हात लावला नाही. एवढे होऊनही तेथे कोणी राहत नाही. खालचा कचरा खालीच आहे. त्यावर माती आली, मुळांचे जाळे आले, पालापाचोळ्याची गादी आली. झाडांनी घाण खाल्ली नाही, तिला पांघरूण घातले आणि धरून ठेवले. तेही थोर काम आहे. पण ते उद्यानाचे काम आहे, तळमजला खणून इमारत उभी करण्याचे नव्हे. पाया खणला की पांघरूण फाटले! धारावीच्या पुनर्विकासात हे उद्यानही ओढले जाईल की काय, अशी धास्ती लोकांना वाटली आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले होते, हेही जाता जाता सांगतो.

दुसरी जागा देवनार. १९२७ पासून मुंबईने तेथे कचरा टाकला. शंभर वर्षांचा उकिरडा! आमच्या गावचा उकिरडा दर उन्हाळ्यात शेतात जातो आणि काळी आई तो जिरवते. त्यात शेण असते, कडबा असतो, राख असते. देवनारच्या ढिगात काय असेल? फुटक्या बॅटऱ्या, रंगाचे डबे, औषधांच्या बाटल्या, प्लास्टिक. जानेवारी २०१६ मध्ये तो ढीग पेटला आणि दिवसच्या दिवस धुमसत राहिला. त्याचा धूर उपग्रहाला आकाशातून दिसला आणि आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. शाळा बंद म्हटल्यावर मास्तराच्या पोटात कालवते. ज्या विभागात हे देवनार येते तो विभाग मुंबईच्या २००९ च्या मानव विकास अहवालात शहरात सर्वांत खाली होता.

याच जागेतली १२४ एकर जमीन धारावीच्या पुनर्विकासासाठी, तेथे जे घराला पात्र ठरत नाहीत अशांच्या घरांसाठी द्यायचे सरकारने २०२४ साली ठरवले. पुढच्या वर्षी महापालिकेने १८५ लाख टन जुना कचरा उपसून जागा मोकळी करण्यासाठी २,३६८ कोटी रुपयांचे, तीन वर्षांचे काम काढले. त्याला 'जैविक' उपचार असा शब्द आहे. त्या शब्दानेच माझा विद्यार्थी फसला. जैविक म्हणजे झाडे-पाने, असे त्याला वाटले. प्रत्यक्षात ते मुख्यतः उपसणे, सूक्ष्म जीवांचे पाणी मारून कुजवणे आणि मोठमोठ्या चाळण्यांतून चाळणे आहे. वाईट काम आहे असे मी म्हणत नाही. ढीग उपसलाच पाहिजे. पण पुन्हा फळ्यावर या. १८५ लाख टन, तीन वर्षे; पावसाळ्याचा एकही दिवस न सोडता रोज जवळजवळ १७ हजार टन. दहा टनांचा एक ट्रक धरला तर रोज सतराशे ट्रक. ते कोठे जाणार? चाळणीखाली पडणाऱ्या मातीत बारीक जड धातू राहतात. ती माती कोणाच्या खळग्यात, कोणाच्या गावच्या वेशीवर?

आमच्यासारख्या खेड्यातल्या माणसाने हे विचारायला नको का? भोपाळचे उदाहरण ताजे आहे. युनियन कार्बाइडच्या कारखान्यातले ३३७ टन विषारी द्रव्य, दुर्घटनेनंतर चाळीस वर्षांनी, जानेवारी २०२५ मध्ये बंद गाड्यांतून पीथमपूरला नेले आणि तेथे जाळले. पीथमपूरची माणसे रस्त्यावर आली. शहराने आपले अंगण झाडले, आणि भोपाळची कारखान्याभोवतीची बिघडलेली माती तर अजून तेथेच आहे. म्हणूनच मी झाडांच्या बाजूचा आहे. जागच्या जागी, दुसऱ्याच्या दारात न टाकता घाण धरून ठेवण्याचे साधन आपल्याजवळ असेल, तर ते झाडच. फक्त त्याला त्याचा काळ द्यावा लागतो, आणि काळ हीच एक गोष्ट बिल्डरच्या हिशेबात बसत नाही.

आता कोणी म्हणेल, मास्तर, तुम्ही खेड्यात ओट्यावर बसून विकासाला पाय लावता. धारावीच्या माळ्यावर, पत्र्याखाली, एका नळावर वीस बिऱ्हाडे काढणाऱ्याला तुम्ही पन्नास वर्षे थांब म्हणणार? नाही, त्याला नाही म्हणत. त्याने फार थांबून झाले. मी त्या जमिनीला थांब म्हणतो. माणसाला घर आजच द्या, पण स्वच्छ जमिनीवर द्या. मुंबईत स्वच्छ जमीन नाही असे नाही. ती महाग आहे एवढेच. घाण जमीन स्वस्त म्हणून गरिबाला, आणि स्वच्छ जमीन महाग म्हणून श्रीमंताला, या हिशेबावर हिरवा रंग फासू नका एवढेच माझे भांडण आहे.

हे काही माझ्या डोक्यातले खूळ नव्हे. घनकचऱ्याच्या २००० सालच्या आणि २०१६ सालच्या नियमांत सरकारनेच लिहिले होते, की बंद केलेल्या कचराभूमीवर पंधरा वर्षे देखरेख ठेवावी, आणि तेथे वस्तीचा विचार करायचा तर त्यानंतर, वायू, झिरपणारे पाणी आणि जमिनीचा घट्टपणा यांची खात्री करूनच करावा. कचरा उपसला म्हणजे ती कचराभूमी उरलीच नाही, मग कसली पंधरा वर्षे, असा यावर युक्तिवाद होतो. कायद्याची भाषा मला कळत नाही. पण शंभर वर्षे जे झिरपले ते चाळणीवर येत नाही, हे आमच्या चौथीतल्या पोरालाही कळेल.

आणि घाई केली की काय होते तेही मुंबईने पाहिले आहे. मालाडला जुन्या कचराभूमीवर काचेच्या कचेऱ्या उभ्या राहिल्या. काही वर्षांतच तेथले संगणक वरचेवर बिघडू लागल्याच्या तक्रारी आल्या. जमिनीतून येणारे वायू यंत्रांतले तांब्या-चांदीचे भाग खातात असे निघाले. संगणक महागाचे, त्यामुळे लगेच बोभाटा झाला, वर्तमानपत्रांत आले, तज्ज्ञ धावले. त्याच हवेत श्वास घेणाऱ्या पोराची छाती बिघडली तर बोभाटा होईल का, हे मला माहीत आहे आणि तुम्हालाही.

लक्ष्मीपूजनाला आपण नवी केरसुणी आणतो, तिला हळदकुंकू वाहतो. माझी आई तिला पाय लागू देत नसे. घर झाडणारी ती लक्ष्मी, असे ती म्हणायची. आणि झाडलेला केर शेजारणीच्या दारापुढे लोटला तर सासू झिपऱ्या धरील, असेही म्हणायची. केरसुणीच्या पूजेचे हे दुसरे अंग शहरांनी कधी शिकूनच घेतले नाही.

असो. विद्यार्थ्याला मी जे लिहून पाठवले ते एका वहीच्या पानावर मावले. घर घेऊ नको असे मी लिहिले नाही. तो अधिकार माझा नाही, पत्र्याखाली मी राहत नाही. लिहिले ते असे, की सही करण्याआधी मराठीत लिहून माग: माझ्या इमारतीच्या पायाखालची माती कोणी, किती खोल आणि कोणत्या महिन्यात तपासली, त्यात शिसे किती, पारा किती, सोमल किती. जमिनीतून वायू येतो का, तो कोण मोजणार आणि किती वर्षे. झाडे लावणार असाल तर कोणती, कशासाठी, त्यांचा पाला कोण नेणार, आणि माझ्या पोराने तेथे खेळावे की नाही. तोंडी सांगतील त्यावर जाऊ नको. आणि एकटा जाऊ नको.

आठ दिवसांनी त्याचा फोन आला. "गुरुजी, तुमचा कागद साऱ्या चाळीत फिरून राह्यला," म्हणाला. "त्याईनं विचारलं, हे कोनं लिहून देल्लं? म्या म्हटलं, आमच्या रिठदच्या मास्तरनं." उत्तर मात्र अजून आलेले नाही. मी विचारले, दिवाळीला येतोस ना? तर म्हणाला, येतो, पोराले किल्ला पाहाचा हाय. मोहरी मी आनतो.